पाणी नेमकं कुठे मुरलं?

[दृश्य : ट्रेलरवरची जुनी स्की बोट. चकचकीत बाजू, रंगाचे पट्टे.]

बाहेरून पाहिलं तर पाण्यावर स्कीअरला ओढणाऱ्या या बोटीला काय धाड भरलीय, असंच वाटतं. जेलकोटला, म्हणजे बाहेरच्या चकचकीत थराला, पॉलिश मारा, सीटच्या गाद्या बदला, की निघाली पाण्यात! आता आत या. इंजिनाच्या पेटीशेजारी उभं राहून टाच दाबा. फ्लोअर खाली जातो, टाच उचलली की हळूच वर येतो. वरून कीर्तन, आतून तमाशा.

[दृश्य : सीटचा स्क्रू, अगदी जवळून.]

हा सीटचा स्क्रू. बोटांनी फिरवला आणि निघाला. आट्यांमध्ये काळा, ओला चोथा अडकलाय. कधीकाळी ते प्लायवूड होतं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या बऱ्याच स्की बोटी अशाच बांधलेल्या. बाहेर फायबरग्लासचं कवच, आत पुढून मागे जाणाऱ्या लाकडी तुळया, म्हणजे स्ट्रिंगर, त्यांवर प्लायवूडचा फ्लोअर आणि मधल्या पोकळीत फोम. लाकडावर फायबरग्लासचा थर असतो, नाही असं नाही. पण सीट, हँडल, गालिच्याची पट्टी, जे बसवायचं त्यासाठी कोणीतरी त्या थराला भोक पाडतं आणि ते सील करत नाही. पाणी तिथून शिरतं. लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. इथे तर खालचा फोम वर्षानुवर्षं भिजलेला, लाकूड वाळणार कुठून? त्यात गोडं पाणी. खाऱ्या पाण्यात ही बुरशी तितकी फोफावत नाही, हा समुद्रातल्या बोटींना मिळालेला थोडासा दिलासा.

[दृश्य : गोल करवतीने फ्लोअर कापला जातो. कडेला दोन बोटं पट्टी शिल्लक.]

करवतीचं पातं फ्लोअरच्या जाडीपुरतंच खाली. त्याहून खोल गेलं तर थेट बोटीचा तळ कापला जाईल. फ्लोअर उचलला की फोम दिसतो. कोरडा असता तर घनफूटभर तुकडा एक किलोसुद्धा भरला नसता. हा फावड्याने उपसावा लागतोय आणि प्रत्येक घावाला पाणी पाझरतंय.

आणि हा स्ट्रिंगर. वरची फायबरग्लासची खोळ ताठ उभी आहे. कापून बघितलं तर आत लाकडाचे तपकिरी, चौकोनी ठोकळे. चिमटीत धरले की भुगा. इंजिन याच स्ट्रिंगरवर बसतं.

इथे बहुतेकांना घाई होते. सगळं उपटून टाकू, तळ मोकळा करू आणि मग निवांत नवं बांधू. अजिबात नको! स्की बोटीच्या तळाचा आकार धरून ठेवतात ते स्ट्रिंगर. ते एकदम काढले तर पातळ तळ ट्रेलरच्या ज्या फळीवर टेकलाय, तिच्या आकाराने वाकतो. मागच्या भागात खोलगट बाक आला तर वेगात बोट नाक खाली दाबून पळते. उलट फुगवटा आला तर नाक सारखं वर-खाली आपटतं. मागे दोरीला धरून येणाऱ्या स्कीअरला सपाट, मऊ लाट हवी असते आणि ती लाट याच तळातून घडते. फ्लोअर कितीही सुरेख बसवा, तळ बिघडला की ती स्की बोट उरली नाही.

म्हणून आधी तळाला जागोजागी आधार, इंजिन माउंटच्या, म्हणजे इंजिन ज्यांवर टेकतं त्या पायांच्या, उंचीची मापं, पुठ्ठ्याचे साचे. मग एकावेळी एकच स्ट्रिंगर काढायचा, नवा बसवायचा, तो पूर्ण कडक झाला की दुसऱ्याला हात.

[दृश्य : अंगभर सूट, रेस्पिरेटर, ग्राइंडर.]

ग्राइंडिंगबद्दल फार बोलत नाही. धूळ आणि खाज. मास्कशिवाय हे काम करू नये.

नवं लाकूड कोरडं हवं. ते इपॉक्सीच्या, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर कडक होणाऱ्या रेझिनच्या, घट्ट लगद्याच्या गादीवर बसतं. तळाशी जो काटकोन होतो तिथे त्याच लगद्याची गोलाई दिली जाते, कारण फायबरग्लासचं कापड काटकोनात वळत नाही, मागे हवा अडकते. गोलाईवर 45 अंशांत धागे शिवलेलं कापड, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा रुंद. पॉलिस्टर रेझिन स्वस्त पडतं, कारखान्यात बहुधा तेच वापरलेलं असतं. पण जुन्या, कडक झालेल्या थराला आणि लाकडाला इपॉक्सी जास्त घट्ट धरतं. आपलं मत इपॉक्सीच्या बाजूने.

फोम परत भरायचा का? यावर वाद झडतात. भिजलेला फोम पाहिल्यावर नको वाटणं साहजिक आहे. पण घनफूटभर कोरडा फोम पाण्यात साधारण 27 किलो भार तोलतो. लहान बोटीत पाणी भरलं तर तीच बोट माणसांना तरंगती ठेवते. फोम भरा, पण थोडा-थोडा ओता, नाहीतर फुगताना तळावर दाब येतो. आणि तळाशी पाणी वाहून जायला वाट ठेवा.

[दृश्य : नव्या फ्लोअरवर ड्रिल.]

सीटचे स्क्रू परत आलेच. या वेळी भोक मुद्दाम मोठं, त्यात इपॉक्सी, ती कडक झाल्यावर तिच्यात स्क्रूचं बारीक भोक. आता पाण्याची गाठ लाकडाशी पडत नाही.

[दृश्य : बोट पाण्यात. इंजिनाची पेटी उघडी.]

शेवटचं माप पाण्यातच घ्यायचं. ट्रेलरवर तळ वेगळा बसतो, पाण्यात वेगळा. इंजिन आणि पंख्याचा शाफ्ट जिथे जोडले जातात त्या कपलिंगमध्ये फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या मापाचं, पातळ पातं वर, खाली, डावीकडे, उजवीकडे घालून बघतात. चारही बाजूंच्या फटींतला फरक इंचाच्या तीन-चार हजारांशांच्या आत हवा. तेवढा आला की माउंटचे नट कसायचे, पुन्हा एकदा मोजायचं, आणि मगच कपलिंगचे बोल्ट.