किडनीची वाट बघताय? मग रक्ताची बाटली लावायच्या आधी हे ऐका

नमस्कार मंडळी. आजचा विषय जरा किचकट आहे, पण ज्यांच्या घरात कुणाचं डायलिसिस चालू आहे त्यांनी तरी रेडिओचा आवाज थोडा वाढवा. ज्याला किडनी किंवा लिव्हर बसवायचंय, नाहीतर आधीच बसवलंय, अशा माणसाला रक्त चढवायचं म्हटलं तर काय बघायचं, एवढंच बोलणार आहे.

आपल्याकडे कसं होतं, डायलिसिसवाल्याचं हिमोग्लोबिन सातच्या खाली आलं की घरचेच डॉक्टरांच्या मागे लागतात, एक बाटली लावून टाका ना, बरं वाटेल त्यांना. आणि वाटतंही बरं, एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण एकनं वर जातं, दम कमी लागतो, माणूस दोन घास जास्त जेवतो. पण त्या पिशवीत नुसत्या लाल पेशी नसतात हो, देणाऱ्याच्या थोड्या पांढऱ्या पेशी पण असतात आणि त्यांच्यावर एचएलए नावाच्या खुणा असतात. रक्तगट मोजून चार, पण या एचएलएचे प्रकार हजारोंनी आहेत, त्यामुळे परक्या माणसाच्या खुणा आपल्याशी जुळणं जवळपास अशक्यच. मग पेशंटचं शरीर त्या खुणांविरुद्ध अँटीबॉडी तयार करून ठेवतं. प्रत्येकात होतं असं नाही, पण ज्याच्यात होतं त्याला त्या दिवशी काहीच कळत नाही, ना ताप ना पुरळ, कळतं ते पुढे कधीतरी किडनी मिळायची वेळ येते तेव्हा, कारण त्या किडनीवर नेमक्या त्याच खुणा असल्या तर क्रॉसमॅच, म्हणजे देणाऱ्याच्या पेशी आणि पेशंटचं रक्त एकत्र करून बघायची टेस्ट, पॉझिटिव्ह येतो, म्हणजे जुळत नाही, आणि दारात आलेली किडनी दुसऱ्याला जाते.

क्रॉसमॅच एवढा महत्त्वाचा का, तर १९६९ साली पटेल आणि टेरासाकी या दोघांनी लॉस एंजेलिसहून आकडे छापले. क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असूनही किडनी बसवली अशा ३० केसेस होत्या, त्यातल्या २४ किडन्या लगेच बंद पडल्या. निगेटिव्ह होत्या त्या १९५ मधल्या फक्त ८. तेव्हापासून क्रॉसमॅच केल्याशिवाय कुणी किडनीला हात लावत नाही. हे पॉल टेरासाकी म्हणजे जपानी वंशाचे अमेरिकन, दुसऱ्या महायुद्धात लहानपणीची तीन वर्षं अ‍ॅरिझोनातल्या नजरकैदेच्या छावणीत काढलेला माणूस, आणि पुढे जगभरच्या लॅब त्यांनी काढलेल्या एचएलए तपासायच्या टेस्टवर चालल्या.

आता गंमत बघा. रक्त नको म्हणून सगळे सावध झाले आणि १९७३ मध्ये ओपेल्झ आणि याच टेरासाकींच्या टीमनं उलटंच दाखवलं, की ज्यांना आधी रक्त चढवलं होतं त्यांच्यात बसवलेली किडनी जास्त टिकतेय! मग काय, दहाएक वर्षं डॉक्टर मुद्दाम रक्त द्यायला लागले, काही ठिकाणी तर जो किडनी देणार त्याचंच रक्त आधी थोडं थोडं द्यायचे, शरीराला सवय व्हावी म्हणून. काहींना फायदा झाला, काहींच्यात अँटीबॉडी होऊन ती किडनी कायमची हातची गेली. १९८३ साली अमेरिकेत सायक्लोस्पोरिनला, म्हणजे शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाला, परवानगी मिळाली, गोळ्याच इतक्या चांगल्या आल्या की रक्ताचा तो फायदा जवळजवळ दिसेनासा झाला आणि धोका तेवढा शिल्लक राहिला. त्यामुळे कुणी जुनं ऐकलेलं सांगत असेल की ऑपरेशनच्या आधी रक्त दिलेलं चांगलं असतं, तर ती गोष्ट त्या काळातली आहे.

मग रक्त न चढवता हिमोग्लोबिन वाढवायचं कसं? १९८९ मध्ये अमेरिकेत एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन आलं, तेच जे आपण रक्त वाढायचं इंजेक्शन म्हणतो. किडनी जो हार्मोन बनवायची तोच बाहेरून द्यायचा. पण एक आहे, शरीरात लोह नसेल तर हे इंजेक्शन घेऊन उपयोग नाही, म्हणून आधी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, वगैरे तपासून लागलं तर लोहाचं सलाईन. महिनोन्महिने महागडं इंजेक्शन चालू आहे, पैसे चाललेत आणि लोह कुणी तपासलेलंच नाही, असं असेल तर स्वतःहून विचारा, त्यात लाजायचं काय. आणि हिमोग्लोबिन चौदा-पंधरा करायच्या मागे लागू नका, या इंजेक्शननं फार वर नेलं तर बीपी वाढतं, पक्षाघाताचा धोका वाढतो. दहा-अकरा पुष्कळ झालं.

याचा अर्थ रक्त घ्यायचंच नाही असा मुळीच नाही. रक्तस्राव होतोय, छातीत दुखतंय, श्वास लागलाय, तर हो म्हणा आणि घ्या, जीव राहिला तर किडनी. फक्त तेव्हा एक वाक्य बोला, पेशंट ट्रान्सप्लांटच्या यादीत आहे, फिल्टर केलेलं रक्त मिळेल का? पांढऱ्या पेशी काढून टाकलेलं रक्त मिळतं, त्याला ल्युकोरिड्यूस्ड म्हणतात, जास्त पैसे लागतात. अँटीबॉडीचा धोका त्यानं शून्य होत नाही पण कमी होतो, आणि सीएमव्ही नावाचा व्हायरस जो पांढऱ्या पेशींत लपून येतो तोही बराचसा अडतो.

आता घरच्या माणसांचं. आपल्याकडे हौस असते, परक्याचं कशाला, आमचंच रक्त द्या, भावाचं द्या, मुलाचं द्या. नको. एक तर उद्या त्याच भावाची किडनी घ्यायची वेळ आली तर त्याच्याच खुणांविरुद्ध अँटीबॉडी तयार. दुसरं, जवळच्या नात्यातलं रक्त असलं तर क्वचित त्यातल्या पांढऱ्या पेशी पेशंटच्या शरीरात जगतात आणि त्याच्यावरच उलटतात. हा प्रकार फार कमी होतो पण झाला तर माणूस सहसा वाचत नाही, म्हणून असं रक्त द्यायचंच झालं तर आधी त्या रक्ताच्या पिशवीला रेडिएशन द्यावं लागतं.

बायकांच्या बाबतीत तर मला जास्त बोलावंसं वाटतं. बाळंतपणात बाळाकडून वडिलांच्या खुणा आईच्या शरीराला कळतात आणि तिच्यात नवऱ्याविरुद्धच अँटीबॉडी होऊ शकतात, बाळाला काही त्रास होत नाही त्यानं. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायकाच जास्त, बायको नवऱ्याला देते, आई मुलाला देते. पण तिलाच लागली आणि एखादा नवरा पुढे आला तर पुष्कळदा क्रॉसमॅचच अडतो, त्यात बाळंतपणात दोन बाटल्या रक्त लागलेलं असेल तर आणखीच. म्हणून दोन-तीन मुलांच्या आईला डायलिसिसवर असताना उगाच बाटली लावणं मला अजिबात पटत नाही.

बसवून झाल्यावरचं थोडं सांगतो. समजा पेशंट ए गटाचा आणि किडनी किंवा लिव्हर ओ गटाच्या माणसाचं, हे चालतं. पण त्या अवयवाबरोबर देणाऱ्याच्या काही पेशी येतात, त्या एक ते तीन आठवड्यांत पेशंटच्या ए पेशींविरुद्ध अँटीबॉडी बनवायला लागतात, लघवी गडद, डोळे पिवळे, हिमोग्लोबिन धाडकन खाली. अशा वेळी रक्त लागलं तर पेशंट ए असला तरी लाल पेशी ओ गटाच्या देतात. नातेवाईक घाबरतात, चुकीच्या गटाची बाटली लावली म्हणून आरडाओरडा करतात, तर तसं नसतं, मुद्दाम दिलेलं असतं. एरवी नंतर हिमोग्लोबिन घसरलं तर कारण बहुतेक वेळा गोळ्यांमध्ये, इन्फेक्शनमध्ये नाहीतर लोहाच्या कमतरतेत सापडतं.

हो, आणि हा प्रश्न हमखास येतो, नवीन किडनीनं रक्तगट बदलतो का? नाही बदलत. लिव्हरच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या एका मुलीचा ओ निगेटिव्हचा ओ पॉझिटिव्ह झाला होता, २००८ मध्ये छापून आलं, पण ती इतकी दुर्मिळ गोष्ट होती म्हणून तर छापून आली.

अवयव बसवलेल्या माणसाला स्वतः रक्तदान करता येत नाही, घरातल्या धडधाकट मंडळींनी मात्र जरूर करावं. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत रक्तपेढ्या रिकाम्या असतात, तेव्हा जा, फक्त आमच्याच पेशंटला लावा असा हट्ट धरू नका.