गॅलरीतला धूर आणि पिशवीचं तोंड

नमस्कार, नाशिककर श्रोतेहो. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडे हातातलं काम चालू ठेवून ऐकणाऱ्या मंडळींनाही नमस्कार. कुकर लावला असेल तर दोन शिट्ट्या होऊ द्या, मग आवाज वाढवा.

आज बोलायचंय घरातल्या दुसऱ्याच्या विडी-सिगारेटच्या धुराबद्दल आणि बाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगाबद्दल. खोकला, दमा, छाती यांचा धुराशी संबंध कुणाला शिकवावा लागत नाही. पण नाकातून गेलेला धूर पिशवीच्या तोंडापर्यंत पोचतो म्हटलं की लोक बघत राहतात. पोचतो. कसा ते सांगते, पण त्याआधी जपानला जाऊन येऊ.

साल १९६५. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातले डॉक्टर ताकेशी हिरायामा. त्यांनी सहा प्रांतांतल्या २९ आरोग्य केंद्रांच्या हद्दीत चाळिशी ओलांडलेल्या जवळजवळ प्रत्येकाची माहिती गोळा करवली. सुमारे २ लाख ६५ हजार माणसं! प्रश्न साधेच. काय खाता, काय पिता, सिगारेट ओढता का, दिवसाला किती? कागद भरले, कपाटात ठेवले आणि मग वर्षानुवर्षं एकच काम : कोण गेलं, कशानं गेलं, ती नोंद त्या त्या कागदाला जोडायची.

त्या काळात जपानी पुरुष बहुतेक सगळे ओढायचे आणि बायका फारशा नाही. म्हणजे घर एक, जेवण एक, हवा एक, फक्त सिगारेट एकाच्या हातात. हिरायामांनी काय केलं, तर नवऱ्याचा कागद काढला आणि बायकोच्या कागदाशेजारी ठेवला. स्वतः कधीही न ओढणाऱ्या ९१,५४० बायका निघाल्या. चौदा वर्षांच्या मृत्यूच्या नोंदी तपासल्या, तर दिवसाला वीस किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्यांच्या बायकांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने मरण्याचं प्रमाण, न ओढणाऱ्यांच्या बायकांच्या दुप्पट. कमी ओढणाऱ्यांच्या बायका बरोबर मधे. नवऱ्याच्या सिगारेटी वाढल्या की बायकोचा धोका वाढला, जिन्याच्या पायऱ्यांसारखा.

आणि सगळ्यात जास्त फरक कुठे दिसला? शेतकरी घरांमध्ये. आपण म्हणतो शेतावर काय, मोकळी हवा! हवा शेतात मोकळी असते हो, रात्री दार लावलेल्या खोलीत नसते.

जानेवारी १९८१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हा अभ्यास छापून आला आणि सिगारेट कंपन्यांचं धाबं दणाणलं. ओढणारा स्वतःच्या जबाबदारीवर ओढतो, असं तोवर म्हणता येत होतं. शेजारी झोपणारीनं कुठली जबाबदारी घेतली होती? अमेरिकेतल्या कंपन्यांच्या संघटनेनं एका संख्याशास्त्रज्ञाचं मत पुढे करून वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या : हिरायामांचं गणित चुकलंय. हिशेब पुन्हा तपासले गेले, गणित बरोबरच होतं. पुढे कोर्टकचेऱ्यांत कंपन्यांचे आतले कागद बाहेर आले. त्यांत काय निघालं? हिरायामा बरोबर आहेत, असं त्यांच्याच सल्लागारांनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

आता या गोष्टीतला लोक गाळतात तो भाग. हिरायामांनी गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोगही बघितला होता. त्यात नवऱ्याच्या सिगारेटीचा परिणाम त्यांना दिसला नाही. तसं त्यांनी सरळ लिहून टाकलं. मला हा माणूस आवडतो तो यासाठी. मग १९८९ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातला अभ्यास आला. रोज तीन तास किंवा जास्त दुसऱ्याच्या धुरात बसणाऱ्या बायकांमध्ये या कर्करोगाचा धोका जवळजवळ तिप्पट. म्हणजे स्वतः ओढणाऱ्या बाईच्या बाबतीत आता वाद उरलेला नाही, तिचा धोका वाढतोच. दुसऱ्याच्या धुराच्या बाबतीत बोट त्याच दिशेला आहे, पण पुरावा तेवढा पक्का नाही. कुणी छातीठोकपणे नवऱ्याच्या विडीनंच झालं म्हणालं तर त्याला थांबवा.

कारण मूळ कारण विषाणू आहे, एचपीव्ही. शरीरसंबंधातून येतो, फार जणांना येतो. दहांतल्या नऊ जणींच्या शरीरातून दोनेक वर्षांत आपोआप निघूनही जातो. धोका असतो तो मुक्काम ठोकणाऱ्या विषाणूचा. इथे धूर येतो. धुरातली विषं फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून पिशवीच्या तोंडाच्या स्रावात उतरतात. निकोटिनचा अंश तिथे प्रत्यक्ष सापडलाय, न ओढणाऱ्या पण धुरात बसणाऱ्या बायकांतही. ओढणाऱ्या बायकांत तिथल्या पहारेकरी पेशी कमी झालेल्या आढळल्या. पहारा ढिला, की विषाणूचा मुक्काम लांबतो. पुन्हा सांगते : विषाणू मूळ, धूर मदतनीस.

आता घर. कॉलेज रोडचा फ्लॅट असो की भद्रकालीतला जुना वाडा, एक युक्ती सगळीकडे असते : गॅलरीत उभं राहून ओढायचं. दार उघडं, पंखा चालू. (नाशिकची हवा छान म्हणून मुंबईकर इथे घर घेतात आणि बाराही महिने काचा लावून बसतात, हे मला कधी कळलं नाही. असो.) पंखा धूर घालवत नाही, घरभर पसरवतो. खिडकीनं तो कमी होतो, संपत नाही. आणि माणूस तोंडातून सोडतो तो धूर थोडा, जळत्या टोकातून उठतो तो जास्त. त्याला फिल्टरही नसतो. विडी तर विझू नये म्हणून सारखी ओढावी लागते. विषय विडीपर्यंत आलाच आहे तर, सिन्नरकडे हजारामागे मजुरी घेत विड्या वळताना दिवसभर तंबाखूची धूळ श्वासात घेणाऱ्या बायकांवर एक वेगळं भाषण व्हायला हवं. आणि मिसरी लावणाऱ्या आज्ज्यांवर दुसरं.

तर नियम असा. घरात नाही, गॅलरीत नाही, जिन्यात नाही, गाडीत काच खाली करूनही नाही. इमारतीच्या बाहेर, खिडक्यांपासून लांब. आल्यावर हात धुवायचे, शर्ट बदलायचा. ॲश ट्रे घरातून काढून टाका, ती दिसली की पाहुणाही पेटवतो.

धूर बाहेर गेला म्हणून तपासणी टळत नाही. तिशी झाली की तपासणी. पुन्हा, तिशी झाली की तपासणी, त्रास असो वा नसो. सरकारी दवाखान्यात व्हीआयए करतात : व्हिनेगरमध्ये असतं तेच ॲसिड, पाच टक्क्यांचं, पिशवीच्या तोंडाला लावायचं, एक मिनिट थांबायचं. पांढरा डाग उमटला तर पुढची तपासणी. पाच मिनिटांचं काम, भूल नाही, टाका नाही. तीस ते पासष्ट वयात दर पाच वर्षांनी. एचपीव्हीची चाचणी परवडली तर ती अधिक चांगली. आपल्याच उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात ती आयुष्यात एकदाच केलेल्या गटात या रोगानं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. २००९ मध्ये ते जगापुढे आलं.

चूक कुठे होते? "सोनोग्राफी नॉर्मल आहे" म्हणून बाई निर्धास्त होते. पिशवीच्या तोंडावरचा सुरुवातीचा बदल सोनोग्राफीत दिसत नाही. दुसरी चूक, अंगावरून पांढरं जातंय म्हणून वर्षभर गोळ्या. संबंधानंतर रक्त दिसलं किंवा पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त गेलं, तर गोळ्या नकोत, आतून तपासणी हवी. आणि पांढरा डाग दिसला म्हणजे पिशवी काढायची, असं नव्हे. तेवढाच भाग जाळून किंवा गोठवून बहुतेक वेळा काम होतं. पिशवी काढायची घाई करणाऱ्याला कारण विचारा.

तपासणीला जाण्याआधी : पाळीचे दिवस टाळा. दोन दिवस संबंध नको, आत कुठलं औषध किंवा धुण्याचं द्रव्य नको. लेकी नऊ ते चौदा वयाच्या असतील तर एचपीव्हीच्या लशीचं विचारून या. पुण्यात बनणारी सर्व्हाव्हॅक या वयात सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोसांत देतात. लस घेतलेल्या मुलीलाही तिशीनंतर तपासणी आहेच.

ज्यांना विडी-सिगारेट सोडायचीय त्यांच्यासाठी सरकारचा मोफत नंबर. पेन घ्या. एक आठ शून्य शून्य, एक एक, दोन तीन पाच सहा. पुन्हा सांगते, १८०० ११ २३५६.