मुंबईची निवडणूक आणि मतदाराचा पत्ता

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार.

मुंबईत मतदान झालं की दुसऱ्या दिवशीची बातमी ठरलेली असते : मुंबईकर घरात बसला. सोबत कुलाब्याचा आकडा. 2024 च्या नोव्हेंबरात विधानसभेला कुलाब्यात 44 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं आणि भांडुपमध्ये साठीच्या पुढे गेलं. लगेच कुलाब्यातल्या श्रीमंतांची हजेरी घेणारे अग्रलेख आले. मी निवडणूक शाखेत उमेदीची वर्षं काढली आहेत. त्यामुळे असं काही वाचलं की माझी नजर अपूर्णांकाच्या खालच्या आकड्यावर जाते. मत किती जणांनी दिलं हे आपण मोजतो. पण कितीपैकी? यादीत नाव असलेल्यांपैकी. आणि यादीत नाव असलेला माणूस आज तिथे राहतो का, हे मुंबईत कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

आळशी मतदार नसतोच असं मी म्हणणार नाही. 20 मे 2024 ला लोकसभेचं मतदान सोमवारी होतं. शनिवार-रविवार जोडून बरेच जण गावी नाहीतर लोणावळ्याला गेले. आयोगाने त्यातून धडा घेतला आणि विधानसभेसाठी मुद्दाम बुधवार निवडला. फरक थोडाफार पडला. पण माझं म्हणणं असं, की मोठ्या शहरातली निवडणूक यंत्रावर, शाईवर किंवा पोलीस बंदोबस्तावर अडत नाही. ती पत्त्यावर अडते.

कायदा काय सांगतो? 1950 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार तुम्ही जिथे सर्वसाधारणपणे राहता तिथे तुमचं नाव. आणि एका वेळी एकाच मतदारसंघात. हा कायदा लिहिला गेला तेव्हा माणूस एका ठिकाणी राहतो हे गृहीत धरणं फारसं चुकीचं नव्हतं. आता मुंबईत भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा. सांताक्रूझहून मालाड, मालाडहून मीरा रोड, तिथून नायगाव. घर बदललं की नमुना 8, म्हणजे पत्ता बदलण्याचा अर्ज, भरायचा असतो. गॅसचं कनेक्शन बदलतात, बँकेतला पत्ता बदलतात, मुलाच्या शाळेत कळवतात. नमुना 8 आठवतो तो मतदानाच्या आदल्या आठवड्यात. आणि तोवर मुदत गेलेली असते.

पण विसरभोळेपणा हा त्यातला लहान भाग. मोठा भाग वेगळाच आहे, आणि तो मुंबईबाहेरच्या माणसाला पटकन समजत नाही. या शहरात मतदारयादी हा घराचा कागद आहे. झोपडपट्टी पुनर्वसनात पात्रता ठरते ती अमुक तारखेपूर्वी तुम्ही तिथे राहत होता की नाही यावर. आधी ती तारीख 1 जानेवारी 1995 होती, मग 1 जानेवारी 2000 झाली, पुढे 2011 पर्यंतच्यांना सशुल्क घराची सोय आली. आणि त्या तारखेला तुम्ही तिथे होतात याचा पुरावा कोणता? त्या वर्षीची मतदारयादी. आमच्या कार्यालयात मत द्यायला उत्सुक माणसं किती यायची ते सोडा. जुन्या यादीच्या उताऱ्यासाठी मात्र बाराही महिने रीघ असायची. एक बाई हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून वीजबिल, रेशनकार्ड, लग्नपत्रिका असं सगळं टेबलावर मांडायच्या आणि म्हणायच्या, "साहेब, ह्यांचं नाव यादीत होतं. भाग नंबर तेवढा सापडत नाही." आम्ही जुने गठ्ठे काढायचो. पिवळी पडलेली पानं, बोटाने ओळ धरत वाचायची. नाव सापडलं तर त्या बाईंना घर मिळण्याची शक्यता. आडनावात एक वेलांटी इकडची तिकडे झालेली असली तर वकिलाचा खर्च.

आता मला सांगा, ज्या नावावर घर अवलंबून आहे ते नाव कोण आपणहून कमी करून घेईल? माणूस संक्रमण शिबिरात गेला, नाहीतर भाड्याचे पैसे घेऊन कळव्याला राहायला गेला, तरी नाव जुन्या झोपडीच्या पत्त्यावर ठेवणार. तो वेडा नाही, व्यवहारी आहे. मतदानाच्या दिवशी मात्र तो आमच्या हिशेबात 'गैरहजर'. अग्रलेखवाले त्यालाही उदासीन म्हणणार.

उलट बाजूही पाहा. वरळीच्या बीडीडी चाळीत एका इमारतीत 80 खोल्या. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, संध्याकाळी गेला की जिन्यात उभं राहूनच निम्मं काम व्हायचं. "ते पाटील? ते गेले हो दोन वर्षांपूर्वी. मुलगी लग्न होऊन ठाण्याला. मुलगा आहे, पण रात्रपाळी." शेजारी सगळं सांगत. तीच माणसं टॉवरमध्ये गेली की खाली सुरक्षारक्षक अडवतो. कोणाकडे जायचंय? इंटरकॉमवर उत्तर येतं, आम्हाला काही नको. बीएलओचं काम करणाऱ्या त्या बिचाऱ्या शिक्षिकेला सेल्समन समजून परत पाठवतात. दिवसभर शाळा, संध्याकाळी ही पायपीट, आणि मोबदला विचारू नका. टॉवरमधल्या यादीत मेलेली माणसं जिवंत राहतात आणि नव्याने आलेली माणसं यादीत येतच नाहीत. श्रीमंत वस्तीतली टक्केवारी कमी दिसण्याचं हे एक कारण आहे. एकमेव नव्हे.

ज्याला पत्ताच नाही त्याचं काय, असा प्रश्न येईल. तुलनेने ते सोपं आहे, याचं तुम्हाला आश्चर्य वाटेल. बेघर माणसाने अर्जात जी जागा दिली असेल, पुलाखाली, फुटपाथवर, तिथे बीएलओने रात्री जाऊन पाहायचं, की हा इथे खरंच झोपतो का. एकदा नव्हे, एकाहून जास्त रात्री. झोपलेला आढळला की कागदाचा पुरावा लागत नाही. सूचना इतकी माणुसकीची आहे. ती पाळण्यासाठी रात्री अकरानंतर कोणाला पाठवायचं, ती बाई असेल तर सोबत कोण, हे त्या सूचनेत नाही.

यादीच्या मुद्द्यावर 2014 चा उल्लेख करायलाच हवा. त्या एप्रिलात पुण्यात 17 तारखेला आणि मुंबईत 24 ला मतदान झालं. वर्षानुवर्षं मत देणारी माणसं केंद्रावर पोचली, तर नाव गायब. जुनं ओळखपत्र हातात आणि यादीत नाव नाही. ओळखपत्र असणं म्हणजे यादीत असणं नव्हे, हे त्या दिवशी लाखभर भांडणांतून लोकांना कळलं. तेव्हाचे निवडणूक आयुक्त एच. एस. ब्रह्मा यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. यंत्रणेच्या मनात तेव्हापासून एक भीती बसली : नाव वगळलं तर ओरड होते, ठेवलं तर होत नाही. म्हणून मग ठेवूनच दिलं जातं. यादी फुगते. 2025 च्या नोव्हेंबरात महापालिका निवडणुकीची प्रारूप यादी आली तेव्हा मुंबईत सुमारे 11 लाख नोंदी दुबार असल्याची चर्चा झाली. पडताळणी केल्यावर त्यातली बरीचशी केवळ नावं सारखी असलेली निघाली. या शहरात संतोष शिंदे आणि मोहम्मद शेख किती असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

आता मतदानाच्या दिवसाकडे येतो. मुंबईत विधानसभेचे 36 मतदारसंघ, बोरिवलीपासून कुलाब्यापर्यंत. 10 शहर जिल्ह्यात, 26 उपनगरात. मतदार एक कोटीहून थोडे जास्त, केंद्रं दहा हजारांच्या घरात. दहा हजार खोल्या शोधायच्या, त्याही तळमजल्यावर, कारण ज्येष्ठांना जिने चढवायचे नाहीत. महापालिकेच्या शाळेचा तळमजला किती मोठा असणार? मग मैदानात मंडप. मंडपाला मे महिन्यात काय होतं ते 2024 ला सगळ्यांनी पाहिलं. पंखे लावले तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत कोणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राच्या, चिठ्ठीची चिंता नाही, पण उजेडाची आहे. 2018 साली भंडारा-गोंदिया पोटनिवडणुकीत ही यंत्रं मोठ्या प्रमाणावर बिघडली, तेव्हा प्रखर उजेड आणि उष्णता ही कारणं पुढे आली. तेव्हापासून केंद्राध्यक्षाला बजावून सांगतात, यंत्र खिडकीसमोर ठेवू नका, बल्बखाली ठेवू नका. मंडपात खिडकीच नसते, सगळीकडूनच उजेड.

आणि रांगा. सकाळी सात ते संध्याकाळी सहा म्हणजे 660 मिनिटं. केंद्रावर 1200 मतदार, पैकी निम्मे आले तर माणशी एक मिनिट. हिशेब बसतो. पण मतदार हिशेबाने येत नाही. सकाळी फिरून आलेले सगळे साडेसातला, जेवण आटोपलेले सगळे चारला. एकेका मताला वेळ कुठे जातो ते पाहा. चिठ्ठी व्हीव्हीपॅटच्या काचेआड 7 सेकंद दिसते, शाईला आणि सहीला फार तर वीस. वेळ खातं ते पहिलं टेबल, यादीत नाव शोधणारं. मतदाराने अनुक्रमांक सांगितला तर दहा सेकंद. "माझं नाव बघा ना" म्हटलं की संपलं. दाराबाहेर टेबल टाकून बसलेले पक्षांचे कार्यकर्ते स्लिप लिहून देतात, त्यांच्यावर आपण हसतो. पण खरं सांगायचं तर रांग हलती राहते ती बरीचशी त्यांच्यामुळे.

एकाच शाळेत आठ खोल्यांत आठ केंद्रं असतात. खोली क्रमांक 3 समोर दीडशे माणसं उन्हात, आणि 4 मधला केंद्राध्यक्ष जांभया देतोय. लोक चिडून विचारतात, आम्हाला तिकडे का पाठवत नाही? नाही पाठवता येत. तुमचं नाव यादीच्या ज्या भागात, तीच खोली. पुन्हा पत्ताच आडवा येतो. विधानसभेच्या वेळी सुसूत्रीकरण करून केंद्रांची फेरमांडणी झाली, मोठ्या गृहसंकुलांत केंद्रं गेली, आणि ही गर्दी बरीच कमी झाली. हे काम चांगलं झालं, ते नोंदवायला हवं. सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये केंद्र आल्यावर तिथल्या मोलकरणी आणि ड्रायव्हर कुठे मत देणार, याचीही काळजी घ्यावी लागते, एवढंच.

कर्मचाऱ्यांबद्दल थोडक्यात. ड्यूटीचा आदेश निघाला की अचानक रक्तदाब वाढणाऱ्यांचे विनोद तुम्ही ऐकले असतील, खरे आहेत. पण दुसरं चित्र पाहा. आदेश आला चेंबूरचा, घर विरारला. आदल्या दिवशी सकाळी साहित्य वाटप केंद्रावर हजर. यंत्र, पावत्या, सील, लाखेची कांडी, पाकिटांचा गठ्ठा, सगळं मोजून घ्यायचं. मतदानाच्या पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान, किमान 50 मतं. संध्याकाळी सहाला रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी. मग 17-ग नमुना, म्हणजे झालेल्या मतांचा हिशेब, मग साहित्य परत करण्याची रांग, जी कुठल्याही मतदाराच्या रांगेहून मोठी. नोव्हेंबर 2024 मध्ये मध्य आणि पश्चिम रेल्वेने या लोकांसाठी रात्री उशिरा आणि पहाटे खास लोकल सोडल्या, बेस्ट आणि मेट्रोनेही वेळा वाढवल्या. इतकी वर्षं हे कोणाला का सुचलं नव्हतं, देव जाणे.

महापालिका निवडणुकीत यादीचा गुंता दुप्पट होतो. ती घेतो राज्य निवडणूक आयोग, लोकसभा-विधानसभेचा भारत निवडणूक आयोग. पण यादी एकच, विधानसभेची. राज्य आयोगाला त्यात नाव घालता येत नाही, काढता येत नाही. फक्त ती प्रभागनिहाय फोडायची. मुंबईत 227 प्रभाग, आणि प्रभागांच्या सीमा यादीच्या भागांशी जुळत नाहीत. एका भागातल्या तीन इमारती या प्रभागात, चौथी रस्त्यापलीकडे त्या प्रभागात. पत्त्यात नुसतं 'गणेश चाळ' लिहिलेलं असेल तर कोणती गणेश चाळ? कारकून रात्री बारा वाजता अंदाज करतो. तो चुकला की चाळीस कुटुंबं भलत्याच नगरसेवकाला मत देणार. फेब्रुवारी 2017 नंतर थेट 15 जानेवारी 2026 ला मुंबईत महापालिकेचं मतदान झालं. मधल्या काळात प्रभाग 236 करायचे ठरले, पुन्हा 227 वर आले, आरक्षणाचा वाद न्यायालयात चालला, आणि शहराची निम्मी घरं हलली. इतक्या वर्षांनी आलेल्या मतदाराला आपलं केंद्र सापडलं नाही, यात नवल ते काय?

उपाय विचाराल तर मला एक सुचतो. भाडेकरार नोंदवला जातो तेव्हा सरकारला कळतं की माणूस कुठे आला. पुनर्वसनात सदनिकेची चावी दिली जाते तेव्हाही कळतं. त्याच टेबलावर नमुना 8 का भरून घेऊ नये? नोंदणी झाली की अर्ज थेट मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडे. तंत्राच्या दृष्टीने यात काहीच कठीण नाही. मात्र दोन अटी. पहिली, पुनर्वसनाच्या पात्रतेसाठी मतदारयादीचा उतारा मागणं आधी बंद करा, किंवा जुनी नोंद कायम जपली जाईल अशी लेखी हमी द्या. नाहीतर भीतीपोटी कोणी खरा पत्ता सांगणार नाही. दुसरी, जुन्या जागेवरून नाव आपोआप कमी होता कामा नये. आधी नोटीस, मग ऐकून घेणं, मग निर्णय, आज कायद्यात आहे तसंच. संगणकाने परस्पर नाव उडवायची सोय त्यात असेल, तर या सूचनेला सर्वात आधी विरोध करणारा मीच असेन.

प्रश्न घेऊया. मागच्या रांगेतले काका मघापासून हात वर करून बसले आहेत.