फोर बाय फोर मोटरहोम घेताय? आधी गाडीखाली वाका

(गोव्यातल्या साखळी गावात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मोटरहोमचे व्हिडिओ हल्ली सगळेच बघतात, आणि त्यात काय दाखवतात तर किचन, बेड, टपावरचं सोलर, गरम पाण्याचा शॉवर आणि मागच्या दारावर फोर बाय फोरचा, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना मिळते असं सांगणारा बॅज. हे सगळं हवंच, पण दोन कंपन्यांची तुलना करायची असेल तर मी पहिल्यांदा गाडीखाली वाकतो आणि घराची पेटी चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, कशी बसवलीय ते बघतो. तिथे गडबड असेल तर वरचं किचन कितीही भारी असो, मला त्यात रस नाही.

का ते सांगतो. कुळ्याहून दूधसागरला जीपने गेला असाल तर आठवा, ओहोळ ओलांडताना पुढचं डावं चाक दगडावर चढतं आणि त्याच वेळी मागचं उजवं चाक खड्ड्यात असतं. अशा जागी ट्रकची चासी पिळली जाते, आणि ती पिळली जावी अशीच बनवलेली असते, म्हणून तर चारही चाकं जमीन सोडत नाहीत. आता या पिळणाऱ्या चासीवर घर ठेवायचंय. बुटाचा रिकामा खोका घ्या, झाकण नसताना तो सहज वळतो, झाकण चिकटवलं की वळत नाही आणि जोर केला तर कोपऱ्यात फाटतो. यू बोल्टनी चासीला घट्ट आवळलेल्या पेटीचं नेमकं हेच होतं: आधी कपाटाची दारं आपोआप उघडायला लागतात, मग मेन दार अडकतं, मग खिडकीच्या कोपऱ्यात बारीक चीर दिसते, आणि आपल्याकडचा पाऊस तर ठाऊकच आहे, जूनमध्ये त्या चिरेतून पाणी आत गेलं आणि आत प्लायवूड असलं की भिंत फुगलीच म्हणून समजा.

यावरचा उपाय म्हणजे पेटीखाली वेगळी सबफ्रेम, म्हणजे चासी आणि पेटीच्या मधली चौकट. ती तीन जागी धरतात, एका टोकाला दोन्ही बाजूंना पक्की आणि दुसऱ्या टोकाला मधोमध एका पिव्होटवर (फिरणाऱ्या सांध्यावर), म्हणजे खाली चासी वळली तरी वर पेटी सरळ राहते. दुसरी पद्धत स्प्रिंगची, सबफ्रेम चासीवर लांबीभर टेकलेली असते आणि पीळ आला की स्प्रिंग दाबून एका बाजूने वर उचलली जाते. मला दुसरी आवडते, कारण साध्या रस्त्यावर वजन सगळ्या चासीवर पसरतं आणि आपण नव्वद टक्के वेळ साध्याच रस्त्यावर असतो. पण युनिमॉग या जर्मन ट्रकसारखी खूप वळणारी चासी असेल तर तीन पॉइंटच बरे.

युनिमॉग दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत शेतीच्या कामासाठी आला, १९५१पासून तो मर्सिडीजकडे आहे. त्याचा पोर्टल ॲक्सल बघण्यासारखा आहे. ॲक्सल चाकाच्या मध्यापेक्षा वर असतो आणि चाकापाशी गिअर लावून ताकद खाली आणतात, म्हणजे डिफरन्शियलचा (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचा) गोळा दगडाला लागत नाही. यावर आणि मान (MAN) या जर्मन कंपनीच्या ट्रकवर घरं बांधणारे म्हणजे जर्मनीचे युनिकॅट आणि ऑस्ट्रियातल्या साल्फेल्डनचे ॲक्शन मोबिल. पेटी फायबरच्या सँडविच पॅनलची, मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना फायबर, लाकूड नाही, त्यामुळे कुजायचा प्रश्न नाही. समुद्राजवळ राहणाऱ्याला याची किंमत कळते.

अमेरिकेत कोलोरॅडोचं अर्थरोमर फोर्ड एफ ५५० वर बांधतं, गॅस सिलिंडरच नाही, सगळं सोलर, बॅटरी आणि डिझेलवर, पण किंमत पाच लाख डॉलरच्या वर. विनेबॅगोची रेव्हल ही स्प्रिंटर व्हॅन, तिथे वेगळी पेटीच नाही त्यामुळे सांध्याचा प्रश्नही नाही, पण वजन आणि ग्राउंड क्लिअरन्स (जमिनीपासूनची उंची) व्हॅनचाच, कच्च्या रस्त्याला ठीक, त्यापुढे मी नेणार नाही.

माझी पसंती विचाराल तर इव्हेको डेली फोर बाय फोर किंवा फुसो कँटरचा फोर बाय फोर. इव्हेकोला तीन डिफ लॉक मिळतात, म्हणजे डिफरन्शियल जाम करून एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देता येते. फुसोची कॅब अरुंद, आणि आपल्या गावातले रस्ते बघा, एका बाजूला चिऱ्यांची वंय (कुंपणाची भिंत), दुसऱ्या बाजूला माड, वर लोंबणाऱ्या वायरी, तिथे मोठा मान ट्रक वळणारच नाही. मागे डबल टायर असतील तर ते काढून एकेरी रुंद टायर टाकतात, कारण डबल टायरच्या फटीत दगड अडकतो, आणि वाळूत पुढच्या टायरने केलेल्या चाकोरीबाहेर मागच्याला स्वतःची नवी चाकोरी पाडावी लागते. (वाळू म्हणजे राजस्थानची. आपल्या किनाऱ्यावर गाडी घालायला बंदी आहे आणि ती असायलाच हवी.)

भारतात काय? महिंद्राने २०२२ मध्ये कँपरव्हॅन फॅक्टरीबरोबर बोलेरो कँपरवर मोटरहोम आणायचा करार केला. फोर्सच्या गुरखाला पुढे मागे दोन्हीकडे डिफ लॉक आहेत पण घर बांधायला जागा कमी. मोठी चासी म्हणाल तर अशोक लेलँडचा स्टॅलियन आपण मिलिटरीच्या ताफ्यात बघतोच.

आणि बांधणारे तर आपल्या गोव्यातच आहेत! सत्तरी तालुक्यात भुईपालला टाटाच्या बसच्या बॉडी बांधतात, वास्कोपासून दिवाडीपर्यंत बोटी बांधणारे आहेत, म्हणजे बॉडीचं आणि फायबरचं काम येणारी माणसं तास-दीड तासाच्या अंतरात. राहतो तो मधला सांधा, सबफ्रेम आणि पिव्होट. इथे डिप्लोमा, आयटीआय करणारी मुलं बसली आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, प्रोजेक्टला हा विषय घ्या. जुन्या ट्रकची चासी मिळवा, एक चाक ठोकळ्यावर चढवा, तिरप्या कोपऱ्यातलं खाली सोडा आणि चासी किती मिलिमीटर वळते ते टेपने मोजा. तो आकडा हातात आला की पिव्होट केवढा लागेल त्याचं गणित सुरू करता येईल.