शाळेतून आला, पण काम येतं का?

(दृश्य: हँगर. उघडं जेट इंजिन, त्यावर वाकलेला नवा मेकॅनिक.)

अमेरिकन हवाई दलाच्या तांत्रिक शाळेतून हा मुलगा नुकताच युनिटमध्ये दाखल झालाय. त्याला काय काय यायला हवं, हे शाळेनं आधीच लिहून ठेवलेलं असतं. प्रत्येक कामापुढे एक संकेत. समजा, '२बी'. यातला दोन म्हणजे कामाचा बहुतेक भाग जमतो, अवघड टप्प्यावर मदत लागते. बी म्हणजे कामाच्या पायऱ्या क्रमानं सांगता येतात.

काही महिन्यांनी त्याच्या वरिष्ठाकडे प्रश्नावली येते: कसं काम करतोय?

खरी गोची इथेच आहे. वरिष्ठाला हवा असतो 'तीन', म्हणजे सगळं काम एकट्यानं करणारा, फक्त शेवटी नजर टाकली की झालं. शाळेनं कबूल केलेला असतो 'दोन'. मग शेरा येतो, "शाळेत काही शिकवतच नाहीत." दुसरीकडे मुलगा वक्तशीर असेल, उलट बोलत नसेल, तर त्याचं पान्याचं कामही चांगलंच वाटायला लागतं!

(दृश्य: जुनी छायाचित्रं, भरती केंद्र.)

प्रश्नावलीऐवजी काम थेट मोजून पाहायचा प्रयत्नही झालाय. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकन सैन्याच्या भरतीच्या परीक्षेचं गुणांकन चुकलं आणि एरवी नापास ठरले असते असे लाखो जण सैन्यात आले. अमेरिकन काँग्रेसनं विचारलं, या गुणांचा नोकरीतल्या कामाशी संबंध तरी काय? उत्तरासाठी १९८०च्या दशकात चारही दलांनी (भूदल, नौदल, हवाई दल आणि मरीन) प्रत्यक्ष काम मोजायला घेतलं. हवाई दलानं जेट इंजिन मेकॅनिकना इंजिनापाशीच उभं केलं. काही कामं करून दाखवायची. जी धोक्याची किंवा फार वेळ खाणारी, ती तिथंच उभं राहून, भागांवर बोट ठेवत, कशी करशील ते सांगायचं. परीक्षक शेजारी, प्रत्येक पायरीला खूण, बरोबर की चूक.

ही पद्धत महागडी. एकेका माणसामागे तासन् तास जातात, इंजिन अडकून पडतं. त्यामुळे रोजच्या कारभारात प्रश्नावलीच चालते, आणि ती चालायलाही हरकत नाही. फक्त तिच्यात एक रकाना हवाच: 'हे काम त्याला दिलंच नाही.' कारण नव्या पोराला बरेचदा झाडू आणि हत्यारांची पेटीच मिळते. इंजिनाला हात लावायला मिळत नाही. अशा मुलाला 'जमत नाही' म्हणणं चूक, 'जमतं' म्हणणंही चूक.

तो रकाना बऱ्याच युनिट्सकडून भरून आला, तर ते काम अभ्यासक्रमात ठेवायचं की नोकरीवरच्या प्रशिक्षणाकडे सोपवायचं, हे शाळेला ठरवता येतं.