प्रीमियरचा पास

नमस्कार श्रोतेहो. मागच्या महिन्यात मी एका मराठी चित्रपटाच्या प्रीमियरला जाऊन आले. हे सांगितलं की आमच्या गल्लीत पहिला प्रश्न येतो, "कोणकोण आलं होतं?" आले होते पुष्कळ जण. पण माझं निम्मं लक्ष होतं आमच्या पुतण्याच्या उजव्या हाताकडे. का, ते सांगते.

पुतण्या फोकस पुलर आहे. म्हणजे कॅमेरा चालवणारा वेगळा, हा त्याच्या शेजारचा. नट पुढे आला, मागे गेला, की यानं भिंगाची कडी तेवढीच फिरवायची. चेहरा धूसर होता कामा नये. रात्रीच्या दृश्यात भिंग सताड उघडं ठेवलेलं असतं, तेव्हा स्पष्ट दिसणारी जागा उरते जेमतेम चार बोटांची. डोळे लख्ख आणि कान पुसट, अशी गत. म्हणून जमिनीवर रंगीत टेपच्या खुणा करायच्या, अंतर मोजून ठेवायचं, आणि नटानं ऐन वेळी खूण सोडली तर नशीब आपलं. "काकू, माझं काम कुणाला दिसलं, तर ते चुकलं म्हणायचं," असं तो म्हणतो.

त्याच्या वाट्याला दोन पास आले. जाऊबाईंचे गुडघे दुखतात, तेव्हा मान माझ्याकडे आला. सांगलीहून रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठली. इरकल नेसले, मोत्याच्या कुड्या घातल्या. मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर लाल गालिचा, मागे चित्रपटाचं नाव शंभरदा छापलेला फलक, आणि समोर फोटोग्राफरांची भिंत. "सर, इकडे! मॅडम, लेफ्ट, लेफ्ट!" आम्ही दोघांनी गालिच्यावर पाऊल टाकलं आणि सगळे कॅमेरे एकदम खाली गेले. एकानं तेवढ्यात बॅटरी बदलून घेतली. मला काही वाईट वाटलं नाही हो. उलट बरं झालं, गालिच्याची एक कड चिकटपट्टीतून सुटली होती, ती मला नीट बघून ओलांडता आली. आमच्यामागून मालिकेतली एक सून आली, ती तिथंच अडखळली. आणि तिच्या अडखळण्याचेही फोटो निघाले.

वेळ साडेसातची दिली होती. सुरू झालं पावणेनऊला. कारण प्रमुख पाहुणे वाटेत. हातात फुकटचं पॉपकॉर्न, करणार काय? पुतण्याला म्हटलं, दादासाहेब फाळक्यांनी २१ एप्रिल १९१३ ला ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांना 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, तो सारा चित्रपट ३,७०० फुटांचा, साधारण ४० मिनिटांचा. आपण ताटकळलो तेवढ्यात हरिश्चंद्राचं राज्य जाऊन परतसुद्धा आलं असतं. मग ३ मेला कोरोनेशनमध्ये तो तिकीट काढणाऱ्यांसाठी लागला. त्या चित्रपटाच्या कोऱ्या फिल्मला कडेची भोकं पाडायचं काम सरस्वतीबाई फाळक्यांनी अंधारात बसून केलं. वर सगळ्या युनिटचा स्वयंपाकही त्यांच्याकडे. ती भोकं पडद्यावर कुणाला दिसली नाहीत, आणि चुकीची पडली असती तर फिल्म सरळ सरकलीच नसती. पुतण्या म्हणाला, "म्हणजे आमच्याच खात्यातल्या!"

अखेर दिवे गेले. आणि टाळ्या कशाला पडल्या म्हणाल, तर सेन्सॉरच्या सर्टिफिकेटला. पुढेही तेच. एक हवालदार दार उघडून "साहेब आत आहेत" एवढंच म्हणाला, तर डाव्या कोपऱ्यातून शिट्टी. त्याचं अख्खं घर तिथं बसलेलं. एका म्हैशीला टाळ्या पडल्या, तिचा मालक आला होता बहुतेक. निर्माता मात्र मागे उभा राहून प्रत्येक हशा मोजत होता. लग्नाच्या पंगतीत वधूपित्यानं "आमटी कशी झालीय?" विचारावं, आणि कुणीतरी "खारट" म्हणावं, असं कधी होतं का?

मध्यंतरानंतर वाड्याच्या जिन्याचं दृश्य आलं. रात्र, हातात कंदील, नायिका धावत खाली उतरते, थेट कॅमेऱ्यापर्यंत. मी शेजारी पाहिलं. पडद्याकडे बघताबघता पुतण्याचा अंगठा आणि दोन बोटं गुडघ्यावर हळूहळू फिरत होती, बरणीचं झाकण लावावं तशी. शेवटच्या पायरीला बोटं थांबली. पडद्यावर तिच्या पापणीवरचा थेंब स्वच्छ दिसत होता. टाळी कुठूनच आली नाही. त्यानं श्वास सोडला आणि माझ्या पुड्यातलं पॉपकॉर्न घेतलं.

चित्रपट संपला आणि नावं वर सरकायला लागली तोच दिवे लागले. निवेदिका माईक घेऊन आली, "कलाकारांनी कृपया पुढे यावं!" सगळे पडद्यासमोर उभे. प्रकाशयोजना, कपडेपट, मेकअप, सगळी नावं नायकाच्या खांद्यावरून, केसांतून वर निघून गेली. मी उभी राहून मान वाकडी करत होते, तर मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी, बसा ना, व्हिडिओ काढतोय." कॅमेरा विभागाच्या वेळी पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिले जात होते. पुष्पगुच्छ मोठा होता. पुतण्या म्हणाला, "जाऊ दे काकू, उशीर होतोय."

शुक्रवारी चित्रपट सांगलीत लागला. दुपारच्या खेळाचं तिकीट काढलं. आम्ही मोजून अकरा जण. इथं म्हैशीला कुणी टाळ्या दिल्या नाहीत, पण जिन्याच्या दृश्याला पुढच्या रांगेतली एक कॉलेजची मुलगी खुर्चीत पुढे सरकून बसली, ते मी पाहिलं. संपल्यावर दहाही जण गेले. मी बसून राहिले. झाडू घेऊन आलेला पोरगा दाराशी थांबला. "आजी, संपलाय पिक्चर."

"नावं व्हायचीत अजून."

"कोण आहे तुमचं?"

"थांब जरा, सांगते."

तोही झाडूवर हात टेकून बघत राहिला. कॅमेरा विभाग आला, आणि खालून तिसरं नाव आमचं! फक्त आडनावातल्या 'ळ'चा 'ल' करून ठेवला होता.

नमस्कार.