गरी, आकडा, आकडी

(दृश्य: देवगडच्या खाडीवरचा धक्का. भरती चढते आहे. तळहातावर एक गळ.)

हा गळ. मालवणीत गरी. म्हणून तर संध्याकाळी पोरं दोऱ्या घेऊन निघतात ती ‘गरवायला’.

जरा जवळून बघा. एका टोकाला दोरी बांधायचं नेढं. दुसऱ्या टोकाला अणी, आणि अणीच्या पोटाशी एक बारीक उलटा काटा. करामत त्या काट्याची. अणी आत शिरते, काटा तिला मागे फिरू देत नाही.

“बारकी गरी लाव, झिला,” बाजूला बसलेले आजोबा सांगतात. बारकी म्हणजे किती? दुकानात गळ नंबरावर मिळतो आणि नंबर चालतो उलटा: १२ नंबरचा गळ ६ नंबरच्या गळाहून लहान. १ नंबरानंतर एक-शून्य, दोन-शून्य. तिथून पुढे मात्र आकड्याबरोबर गळही वाढतो. नवखा इथेच फसतो.

गंमत बघा, गळाला आकडा, आणि आकडा म्हणजेही वाकवलेलं टोक. संस्कृत ‘अंक’ या शब्दात बाक, आकडा, खूण, संख्या असं सगळं नांदतं. हत्तीचा अंकुश याच घराण्यातला. इंग्रजीत गळ टाकून बसणाऱ्याला अँगलर म्हणतात, तोही यांचा लांबचा भाऊबंद.

(दृश्य: घरामागचं परसू.)

शेवग्याच्या शेंगा ओढायच्या त्या बांबूला बांधलेल्या आकडीनं. कमरेला कोयता अडकवायचा तोही आकडीतच. हापूसला मात्र आकडी चालत नाही. ओढला की आपटलाच. त्याला झेला लागतो, म्हणजे टोकाला जाळी लावलेली काठी. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ आंबा देठासकट उतरवतो, मग चीक फळावर ओघळत नाही.

विजेच्या तारेवर चोरून टाकतात तोही आकडाच. वीज कायदा, २००३, कलम १३५: तीन वर्षांपर्यंत कैद. मिशांना आकडे खुशाल द्यावेत, त्याला कलम नाही.

आणि एक गळ लोखंडाचा नसतोच. गणपतीला चार दिवस जास्त राहा म्हणून आई मुंबईच्या चाकरमान्याला घालते तो. रजा नाही, म्हणत म्हणत तो राहतो.

(दृश्य: पुन्हा धक्का. दोरी ताणते, आजोबा हिसका देतात, दोरी सैल पडते.)

“हुकलो!”

या हुकण्याचं ब्लाउजच्या हुकाशी काही नातं नाही. आमिषाची कोळंबी गेली. गरी तेवढी वर आली, रिकामी.